डोळ्याचं बटण

कचेरीत तिला सगळे कुलूपवाली म्हणत. नाव चेष्टेने पडलं होतं, पण तिला ते मनापासून आवडायचं. कंपनी छोटी होती, इस्पितळांसाठी प्रोग्राम बनवायची. कुणी बिलांचा भाग करायचं, कुणी औषधसाठ्याचा, आणि हिच्या वाट्याला आलं होतं ते अगदी दारावरचं काम. प्रोग्राम उघडला की पासवर्ड विचारणारी जी चौकट समोर येते, ती हिची. बोटभर लांबीची चौकट! त्यात काय एवढं, अक्षराच्या जागी ठिपका दाखवला की झालं, असं कुणी म्हटलं की हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"ठिपका हे नुसतं वरचं सोंग आहे," ती समजावू लागायची. "आत मशीनच्या पोटात तुमचा पासवर्ड उघडाच पडलेला असतो. तपासून झाल्या झाल्या तो पुसावा लागतो. नाहीतर मागून येणारा कुणीही उचलून नेईल." ऐकणारा तोवर चहाला उठलेला असायचा. पण ती बोलायची थांबायची नाही. काही माणसांना आपल्या कामाचं वेड असतं आणि ते त्यांना शोभतंही, हिला तर फारच शोभायचं.

कंपनीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे एक मोठं इस्पितळ. तिथल्या औषधभांडारात जहाल वेदनाशामक इंजेक्शनं असत. ती चोरीला जाऊ नयेत म्हणून नियम असा होता, की एकेक कुपी देताना फार्मासिस्टने दर वेळी आपला पासवर्ड टाकायचा, मगच कपाटाचं दार उघडायचं. जुन्या चौकटीच्या टोकाला एक छोटा डोळा होता. तो दाबला की ठिपक्यांऐवजी अक्षरं दिसायची. एकदा तपासणीला आलेल्या माणसाच्या लक्षात आलं, की भांडाराच्या खिडकीबाहेर उभं राहिलं तर ती अक्षरं सहज वाचता येतात. झालं! इस्पितळाने कंपनीला पत्र धाडलं, कंपनीच्या साहेबांनी ते हिच्यापुढे टाकलं. साहेब सदा घाईत असत, म्हणून त्यांना सगळे पाठीमागे घाईसाहेब म्हणत. "उद्यापर्यंत होईल ना?" हे त्यांचं पालुपद होतं.

ती कामाला लागली आणि हात धुवूनच लागली. डोळा काढून टाकला. दुसरीकडून पासवर्ड आणून चिकटवायची सोय बंद केली. पडद्याचा फोटो काढायला गेलं तर चौकटीच्या जागी काळा पट्टा येईल अशी तजवीज केली. तीनदा चुकलं की खातं पंधरा मिनिटं बंद. चुकलेला पासवर्ड काय होता हे कुठेही टिपून ठेवायचं नाही, कारण चुकलेला पासवर्डही खऱ्याच्या जवळपासचाच असतो. आणि एवढ्यावर समाधान होईना म्हणून तिने स्वतःच्या डोक्यातून एक युक्ती काढली. खिडकीबाहेरच्या माणसाने ठिपके मोजले तर पासवर्ड किती अक्षरी आहे ते त्याला कळेल. तेही कळू नये म्हणून एक अक्षर दाबलं की कधी एक ठिपका पडेल, कधी दोन, कधी तीन, असं तिने केलं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. घाईसाहेब इतके खूश झाले, की त्या दिवशी ते चक्क खुर्चीत बसून चहा प्यायले.

आता सांगायची गोष्ट अशी, की त्या भांडारात खिडकीमागे बसणारा मोठा फार्मासिस्ट म्हणजे हिचे वडील. सारं इस्पितळ त्यांना काका म्हणायचं. कंपनीत हे कुणाला ठाऊक नव्हतं, इस्पितळातही नाही. तिनेच बाबांना बजावून ठेवलं होतं, की लोक नाही नाही ते बोलतील, वशिल्याने काम मिळवलं म्हणतील, तेव्हा आपलं नातं घरात ठेवायचं. घरात तर कामाचा विषयच निघत नसे. आईचा कडक कायदा होता. जेवायच्या टेबलावर कुणी कचेरी काढली की ती वाढायची थांबायची आणि डाव हातात धरून उभी राहायची.

तरी नवी चौकट बसली त्या आठवड्यात हिला राहवलं नाही. आई आत गेलेली बघून तिने हळूच विचारलं, "बाबा, नवीन कुलूप कसं वाटलं?"

बाबा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "छान आहे. पक्कं बसवलंयस अगदी."

बाबा कौतुकाच्या बाबतीत भारी चिकट. दहावीला पहिली आली तेव्हाही "बरं झालं" एवढंच म्हणाले होते. त्यामुळे ती पुढचा आठवडाभर हवेत होती. त्यांच्या हातातला कप अर्धाच भरलेला आहे, हे तिने पाहिलंही नाही. आईने पाहिलं होतं, पण बाबांनी अर्धाच चहा मागायला सुरुवात केली याचा अर्थ तिने असा लावला, की अखेर या माणसाने आपलं ऐकून साखर कमी केली.

पुढच्या महिन्यात इस्पितळाच्या अधीक्षकांच्या खोलीत बैठक झाली. अधीक्षक स्वतः डॉक्टर, शांत, पण मुद्द्याला चिकटून राहणारे. हिने पडद्यावर तक्ता लावला. त्यात माणसांची नावं नव्हती, नुसते खात्यांचे क्रमांक होते. नाव उघडं पडू नये, ही खबरदारीही हिचीच. बहुतेक खात्यांवर सगळं ठीक होतं. एका खात्यावर मात्र लाल रंगाचा सडा पडला होता.

"हे पाहा," ती उत्साहाने म्हणाली. "हे खातं रोज दोनदोनदा, तीनतीनदा बंद पडतंय. पूर्वी असलं काही दिसायचंच नाही. म्हणजे कुणीतरी या माणसाचा पासवर्ड ओळखायला बघतंय आणि आपली चौकट त्याला दाद देत नाहीये."

"वा!" घाईसाहेब म्हणाले. "बघा साहेब, कुलूप लावलं म्हणून तर चोर कळला."

"या खात्याची चौकशी करायला हवी," ती म्हणाली. हे वाक्य तिचंच. तिला कुणी ते बोलायला लावलं नव्हतं.

अधीक्षकांनी आपल्या कारकुनाला क्रमांक वाचून दाखवला. कारकुनाने शोधलं आणि भुवया वर केल्या. "साहेब, हे तर आपल्या भांडारातल्या काकांचं खातं."

पहिल्यांदा तिला भीती वाटली ती वेगळीच. बाबांच्या खात्यात कुणीतरी घुसू पाहतंय, उद्या कुप्या कमी भरल्या तर नाव बाबांचं येईल, आणि त्या साध्या माणसाला याचा पत्ताही नाही. बैठक संपेपर्यंत तिला धीर निघेना. अधीक्षकांनी पुढच्या सोमवारी भांडारातच येऊन प्रत्यक्ष पाहायचं ठरवलं, ते तिने अर्धवट ऐकलं आणि तडक घर गाठलं.

बाबा गॅलरीत होते. तिने दार ओढून घेतलं आणि एका दमात सगळं सांगितलं. "तुमच्या मशीनजवळ कोण कोण येतं ते आठवा. कुणीतरी रोज तुमच्या खात्यात शिरायला बघतंय."

बाबा म्हणाले, "तो मीच आहे गं."

तिला काही समजेना. बाबांनी विजारीच्या खिशातून उजवा हात बाहेर काढला आणि तिच्यापुढे धरला. हात थरथरत होता. फार नाही, पण थांबत नव्हता. त्यांनी तो डाव्या हाताने धरला तेव्हा कुठे थोडा स्थिरावला.

"एक बटण दाबायला जातो आणि ते दोनदा लागतं," ते म्हणाले. "कधी शेजारचंही लागतं. पूर्वी तो डोळा होता ना, तो दाबून बघायचो. जास्तीचं अक्षर खोडायचो, पुढे जायचो. कुणाला कळत नव्हतं. आता आत काय पडलंय ते दिसतच नाही."

"मग निदान ठिपके..." ती बोलता बोलता थांबली.

"पहिल्या दिवशी मोजले. मग लक्षात आलं, की ठिपकेही खोटे आहेत."

तिला कुठे तोंड लपवू असं झालं. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या न पाहिलेल्या चोरासाठी तिने महिनाभर डोकं चालवलं होतं. खिडकीच्या आत कोण बसतं हे तिला जन्मापासून माहीत होतं, आणि त्याच्याकडे बघायचंच राहून गेलं होतं. आणि बैठकीत तिने जे लाल ठिकाण दाखवलं, त्यात चोर कुठला आणि थकलेला हात कुठला, हे तिच्या चौकटीला सांगता येत नव्हतं. दोघांची खूण एकच, तीनदा चुकलं. काय चुकलं ते तिनेच पुसायला लावलं होतं. अक्षरं टिपून ठेवली असती, तर एका नजरेत कळलं असतं, की हा पासवर्ड बरोबरच आहे, फक्त मधली दोन अक्षरं दुहेरी पडली आहेत.

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू इतकी खूश होतीस," बाबा म्हणाले. "आणि कुलूप चांगलंच आहे. माझ्याच हाताला ते उघडत नाही, त्याला तू काय करणार?"

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"कुठल्या? सगळे ओळखीचे. आज दाखवीन, उद्या अधीक्षकांच्या कानावर जाईल. थरथरत्या हाताच्या माणसाला त्या खोलीत कोण ठेवील? मी अधीक्षक असतो तर मीही नसता ठेवला." मग ते म्हणाले, "माझ्या हातून आजवर एक कुपी फुटलेली नाही. दोन्ही हातांनी धरतो. सावकाश देतो. पण ते कोण बघायला बसलंय? आणि तुझ्या आईला सांगू नकोस. ती आधी रडेल आणि मग सगळ्या नातेवाइकांना फोन करील."

"बाबा, मी काहीतरी करते."

"मला त्या खिडकीत बसू दे, एवढंच बघ," ते म्हणाले. "दुसरं काही नको."

त्या रात्री जेवताना कुणीच कचेरी काढली नाही. आईला वाटलं, आपल्या कायद्याचा चांगला वचक बसलाय.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तिने बाबांना आपल्या लॅपटॉपवरच्या, चाचणीसाठी ठेवलेल्या चौकटीपुढे बसवलं. पासवर्डच बदलून सोपा करता येईल का, हे तिने आधी पाहिलं. नाही. नवा पासवर्ड दोनदा लिहावा लागतो आणि दोन्ही वेळा तंतोतंत जुळावा लागतो, ही अटही चौकटीतच होती. बाबांनी पाच-सहा वेळा प्रयत्न केला. दोन्ही वेळा सारखा काही पडेना. एकदा तर पडला, पण नंतर चौकट उघडेना, म्हणजे दोन्ही वेळा एकाच जागी तीच चूक झाली होती आणि नक्की कुठली, ते दोघांनाही सांगता येईना. बाबांना हसू आलं. तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला.

मग तिला मशीनमधलीच एक सोय आठवली. ती चालू केली, की तेच बटण लागोपाठ झटकन दोनदा दाबलं गेलं तर मशीन दुसरं दाबणं धरत नाही. अशा हातांसाठीच ती सोय असते. तिने ती चालू केली आणि बाबांना म्हणाली, "आता टाका."

बाबांनी एकेक अक्षर टाकलं. चौकट उघडली. पुन्हा टाकलं, पुन्हा उघडली. बाबा तिच्याकडे अशा नजरेने पाहू लागले, जणू तिने काही जादूच केली. "हे माझ्या मशीनवर होईल?"

"का नाही होणार? एका टिचकीचं काम आहे."

त्या टिचकीसाठी ती इस्पितळाच्या संगणक विभागात गेली. तिथला माणूस सज्जन होता. त्याने सांगितलं, मशीनच्या सगळ्या सोयी विभागाने कुलूपबंद केल्या आहेत. नवी चौकट आली तेव्हा तुमच्याच कंपनीने तशी शिफारस केली होती ना? आता काहीही चालू करायचं तर अर्ज करावा लागेल. त्याने अर्ज पुढे सरकवला. त्यात शेवटी एकच ओळ होती, मागणीचं कारण.

"नुसतं, गरज आहे, असं लिहिलं तर?" तिने विचारलं.

"तसं नाही चालत, मॅडम. कुणाच्या मशीनवर, का, कुठला त्रास, वैद्यकीय असेल तर दाखला. पुढे तो अधीक्षकांच्या सहीला जातो."

तिने कोरा अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला. घरी येऊन बाबांना दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून शेवटची ओळ वाचली आणि कागद तिला परत दिला. "नको," एवढंच म्हणाले. तिने विनवलं, चिडून पाहिलं, जमेल तेवढं सगळं करून पाहिलं. बाबा ढिम्म हलले नाहीत. आई आतून ओरडली, "कसली कुजबुज चाललीय गं बापलेकीची?" आणि तिने अर्ज घाईघाईने पर्समध्ये सारला.

राहता राहिले घाईसाहेब. तिने त्यांना गाठलं आणि विनवलं, की चौकटीत फेरफार करायचाय, डोळा परत आणायचाय, निदान ठिपके तरी खरे करूया. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा घाई केली नाही. ते तिच्याकडे बघतच राहिले.

"डोकं ठिकाणावर आहे का? चौकशी तूच लावलीस ना? आता सोमवारच्या आत चौकट बदलली, तर ते म्हणतील, कंपनीनेच पुरावा पुसला. चौकशी संपेपर्यंत एका अक्षराला हात लावायचा नाही. आणि असं एकाएकी काय झालं तुला? त्या काकांशी काय घेणंदेणं?"

आता सांगावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण सांगितलं तर काय झालं असतं? चोर असल्याचा संशय ज्याच्यावर, तो बाप, आणि कुलूप करणारी मुलगी. साहेबांनी काय, कुणीही पुढचं सगळं आपल्या मनाने रचलं असतं. "काही नाही," ती म्हणाली. आपल्याच हाताने केलेलं, ओळ न् ओळ पाठ असलेलं काम, आणि त्यात एक फट पाडायची तिला मुभा नव्हती. तिला त्या चौकटीचा इतका राग आला, की कचेरीतल्या आपल्या मशीनवर ती उघडून ती नुसती बघत बसली. किती दिवस खपून केलेलं काम, किती नेटकं झालं होतं!

सोमवारी अधीक्षक, घाईसाहेब आणि ती भांडारात गेले. खोली लांबट, दोन्ही बाजूंना कपाटं, टोकाला जाळीची खिडकी, खिडकीशी टेबल, त्यावर मशीन. बाबा खुर्चीत बसले होते. दाढी घोटून केलेली, शर्टाला इस्त्री. त्यांनी उठून नमस्कार केला, तो डाव्या हातात उजवा घट्ट धरून. तिच्याकडे त्यांनी अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि मान लववली.

"बसा काका," अधीक्षक म्हणाले. "साठा मी काल मोजून घेतला. एक कुपी इकडची तिकडे नाही. तेव्हा चोरीचा आरोप कुणी करत नाहीये. पण रोज तुमच्या खात्याचं दार कोण ठोठावतं, ते मला कळायला हवं. तुम्ही तुमचा पासवर्ड कुणाला दिलाय का?"

"नाही साहेब."

"खातं तुमच्याच हातून उघडत नसतं, तर तुम्ही स्वतः तक्रार केली असतीत. नाही का? एकदाही केली नाहीत. का?"

बाबांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"बरं, आमच्यासमोर एकदा टाकून दाखवा," अधीक्षक म्हणाले.

बाबांनी हात बटणांवर नेला. एका बोटाने, अगदी सावकाश, मनगट टेबलाच्या कडेवर दाबून ते एकेक अक्षर टाकू लागले. ती त्यांच्या खांद्यामागे उभी होती. ठिपके पडत होते. कधी एक, कधी दोन, कधी तीन. तिच्या डोळ्यांसमोर पडत होते आणि त्यातलं तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं. बरोबर चाललंय की चुकलंय, हे त्या खोलीत तिला तरी कळायला हवं होतं.

चूक, असं मशीनने सांगितलं.

"सावकाश होऊ द्या," अधीक्षक म्हणाले.

दुसऱ्यांदा चूक. बाबांच्या मानेवर घाम आला होता. ते मागे न वळता म्हणाले, "मॅडम, आत काय पडलंय ते एकदा बघता येईल का? माझ्यापुरतं. तुम्ही सगळे तोंड फिरवा हवं तर."

"नाही," ती म्हणाली. "तशी सोय नाही."

हे बोलताना तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. बाबांनी मान डोलावली, आणि तिसऱ्यांदा टाकायला घेतलं. तिसऱ्यांदा चुकलं आणि खातं बंद झालं.

"म्हणजे यांना स्वतःचा पासवर्डच माहीत नाही," घाईसाहेब म्हणाले. "याचा अर्थ उघड आहे. खातं दुसरंच कुणीतरी वापरतंय."

तेव्हा तिला राहवलं नाही. "साहेब, दोष आमचा आहे," ती अधीक्षकांना म्हणाली. "चौकट सदोष आहे. एकदा दाबलेलं अक्षर ती दोनदा धरते. मी नीट तपासली नव्हती. यांची काही चूक नाही."

घाईसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, काय बोलतेयस? शंभरदा तपासलीय! बाकीच्या सगळ्या खात्यांवर..."

"मी सांगते ना, दोष चौकटीचा आहे. मी लिहून देते."

अधीक्षकांनी तिच्याकडे आणि मग मशीनकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, की हे चालून जाईल. तिची नोकरी गेली असती, कंपनीचं नाव गेलं असतं, पण खिडकी राहिली असती.

खुर्ची करकरली. बाबा वळून बसले होते. "चौकट चांगली आहे, साहेब," ते म्हणाले. "फार मन लावून केलेलं काम आहे ते. त्यात काही दोष नाही. मॅडमना माझी दया आली असेल."

"बाबा, नको," ती म्हणाली. हे तिच्या तोंडून निघालंच.

घाईसाहेब गर्रकन तिच्याकडे वळले. बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, त्यात रागाचा लवलेश नव्हता, आणि डाव्या हातातून उजवा सोडून तो टेबलावर ठेवला. त्याला आता धरून ठेवणारं काही नव्हतं. बटणांच्या पाटीशेजारी तो सगळ्यांच्या देखत थरथरत राहिला.

अधीक्षक पुढे झाले. त्यांनी बाबांचं मनगट हातात घेतलं, कोपरातून हात वाकवून पाहिला, सरळ करून पाहिला, बोटं एकेक करून उघडायला सांगितली. आत्तापर्यंत साहेब असलेला माणूस डॉक्टर झाला आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. तिला तो मऊपणा सगळ्यात जास्त लागला.

"कधीपासून, काका?"

"झाले बरेच महिने. तो डोळा होता तोवर निभावत होतं."

"कुठला डोळा?"

बाबांची नजर चौकटीच्या रिकाम्या टोकाकडे गेली.

"यावर औषध आहे," अधीक्षक म्हणाले. "उद्या सकाळी माझ्याकडे या, नीट तपासू. आधी यायला हवं होतंत." मग त्यांनी हात पुढे केला आणि बाबांनी कंबरेची कपाटाची किल्ली सोडून त्यांच्या तळहातावर ठेवली. किल्ली काढायला वेळ लागला. कुणी मदत केली नाही, कारण ती करावी की नाही हे कुणालाच कळेना. "इथे तुम्हाला ठेवता येणार नाही, काका. मला ठेवायचं असतं तरी नियम आड येतो. आणि मॅडम, तुमचं नातं काय ते नंतर बोलू. आत्ता हे खातं कायमचं बंद करा. ते फक्त तुमच्या पासवर्डने होतं ना?"

"हो," ती म्हणाली.

बाबा उठले. खुर्ची तिच्याकडे वळवून देत म्हणाले, "बस. उभ्याने कसं करशील?"

ती बसली. खुर्ची अजून उबदार होती. तिने आपला पासवर्ड टाकला. बोटं सरसर चालली, तिने न सांगता चालली, आणि तो पहिल्याच फटक्यात बरोबर निघाला. खातं कायमचं बंद करायचं का, असं मशीनने विचारलं. तिने हो दाबलं.

तेवढ्यात खिडकीच्या जाळीवर टकटक झाली. वॉर्डातली सिस्टर चिठ्ठी घेऊन उभी होती. "काका, एक कुपी द्या लवकर," ती धापा टाकत म्हणाली. "पेशंट फार कळवळतोय." बाबा सवयीने पुढे झाले, आणि खुर्चीत तिला बसलेलं पाहून तिथेच थांबले.